मंगळवारची नोंद

चौदा शाळा, एक स्कूटी.
डिकीत मण्यांची पाटी, खरकागदाची अक्षरं,
दोन बिस्किटपुडे : एक पोरांचा, एक माझा.
मंगळवारी बोरीकाठचं गाव.
फरशीपूल ओलांडला की कपाशी संपते,
निळे पत्रे दिसतात,
आणि फाटकाचा गज धरून लोकेश.
तो मला बघत नाही.
स्कूटीचं पुढचं चाक बघतो,
ते पुरतं थांबेपर्यंत.

देवरे सर चांगला माणूस.
म्हणतात, मॅडम, दोन वर्ग, एकतीस पोरं, एक मी.
हा बसतो बिचारा, त्रास देत नाही.
'त्रास देत नाही'
तीन वर्षं लिहिलंय त्याच्या प्रगतिपुस्तकात
तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत.

दाराशी उतार आहे, पिवळा रंगवलेला, कठड्यासकट.
लोकेशला पायांचं काही नाही.
ज्याच्यासाठी मागितला तो हितेश
निधी येईतो आईबापांसोबत सुरतेला गेला.
आता मधल्या सुट्टीत पोरं त्यावरून घसरतात.
सर रागावतात. मी नाही रागावत.
कुणाच्या तरी उपयोगी पडू दे.

'ब' आणि 'व' त्याला एकच.
पोटातली रेघ त्याच्यासाठी कधी असते, कधी नसते.
मी मूठभर सरकी आणली,
पुठ्ठ्यावर गोंदानं 'ब' चिकटवला.
त्यानं बोट फिरवलं, गोलावरून, दांडीवरून,
रेघेपाशी आला, थांबला,
एक सरकी उपटली
आणि दाताखाली फोडली.

मग चाचणी. ती सगळ्यांची असते, वरून आलेली.
कार्ड क्रमांक सात. मी बोट ठेवून विचारलं,
हे काय आहे?
तो गप्प.
पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं
(आपण सगळेच असे करतो,
समोरचा बोलला नाही की आवाज वाढवतो).
गप्प.
पेन 'ओळखत नाही'च्या रकान्यावर टेकलं होतं

तेव्हा मागच्या पट्टीवरून तमन्ना पिंजारी म्हणाली,
"मॅडम, त्याले असं इचारू नका.
तुम्ही बोट दाखाडतस,
तो बोटच देखस."

आली. कार्ड माझ्या हातातून घेतलं,
त्याच्यासमोर फरशीवर ठेवलं,
आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन उभी राहिली.
काही बोलली नाही. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.
बाहेरून ट्रॅक्टर गेला.
खिचडीची शिट्टी झाली, दुसरी झाली.
मी घड्याळ बघितलं, ते तिला दिसलं,
मला लाज वाटली.

लोकेशनं कार्ड उलटं केलं, सुलटं केलं.
मग म्हणाला, "नही."
आणि बऱ्याच वेळानं,
"हिरवं ऱ्हास."

कार्डावर वांगं होतं.
जांभळं, बोटभर, चकचकीत,
कुठल्यातरी शहरात छापलेलं.
या गावात कुणाच्या चुलीत असलं वांगं भाजलंय?
इथलं दोन ओंजळींत न मावणारं, हिरवं,
काट्याच्या देठाचं,
त्याच्या आजीच्या बांधावर आत्ता लगडलेलं.
बरोबर उत्तर : वांगे.
दिलेले उत्तर : नाही.
कडेला मी बारीक अक्षरात लिहिलं,
कार्ड चुकलं आहे.
वर गेल्यावर कुणी वाचेल असं वाटत नाही.

"किती वेळ थांबतेस गं अशी?"
तिनं खांदे उडवले.
"तो बोलस तवलगून."

नऊ वर्षांची पोर.
मी दोन वर्षं शिकले हे, पदविका आहे माझी,
घरात कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत.

निघताना तो पुन्हा फाटकाशी.
चावी लावली, फिरवली नाही.
हात पाठीमागे नेले, तिच्यासारखे.
पर्समध्ये पुढच्या शाळेचा फोन दोनदा वाजून थांबला.
तो चाक बघत राहिला, मी त्याचं बघणं.
तो काही बोलला नाही.

'ब' अजून त्याला 'व'च दिसतो.
तेही लिहून ठेवते.