तथापि

सुमेध घडाघडा वाचतो.
अडखळणं नाही, ओळीखाली बोट नाही.
'राजा शूर होता, तथापि युद्ध हरला.'
कोण हरलं रे?
'तथापि. राजाची बायको असंल, बाई.'

वर्ग हसला नाही.
बाकीच्यांनाही ती राणीच वाटली होती.

पुस्तक मिटलं. विचारलं,
काल मार्केट यार्डात काय झालं?
मग गडी सुटला:
'कोथमिरीच्या गाड्या लय आल्या, म्हणून भाव पडला,
पप्पाच्या पाठीला उसंत नाय,
तरीबी हमाली तेवढीच.'

त्याचंच बोलणं मी फळ्यावर उतरवलं.
'म्हणून'च्या शेजारी 'परिणामी'.
'तरीबी'पाशी थांबले,
खडू त्याच्या हातात दिला.
बराच वेळ तो फळ्याकडे बघत राहिला.
मग लिहिलं. वेलांटी चुकली.
मी पुसली नाही.

शनिवारी त्याचे वडील फाटकाशी उभे,
खांद्यावर आकडा, शर्टाला कोथिंबिरीचा वास.
'बाई, पोरगं म्हणतंय,
पप्पा दमलेत, तथापि सारसबागेला नेतील.
कोण हाय ही?'

सुमेधनं त्यांचं बोट धरलं.
'चला, सांगतो.
चालता चालता.'