कपाळावरचे सहा बिट

ट्रॉलरच्या नांगराने समुद्राखालची केबल ओढली
तेव्हा रान्वा बटाटे सोलत होती.
घर एकदम मुकं झालं, त्यावरून कळलं.

आता फॅरोच्या या दक्षिणटोकाच्या बेटाला
डोंगरमाथ्यावरच्या एका तबकडीएवढी वाट उरली.
रात्रीचे आठ.
प्रत्येक घराला नेमकं आत्ताच काहीतरी सांगायचंय.

राउटर पॅकेट उघडून पाहत नाही.
कपाळावरचे सहा बिट वाचतो
आणि रांग दाखवतो.
आमच्याकडे कपाळं लिहायला सहाव्या रात्री सटवाई येते;
इथे रान्वा, लोकरी मोज्यांत,
शेजारी गार झालेली कॉफी.

आवाज पहिल्या रांगेत.
"ऐकू येतंय का" हे दोन सेकंदांनी पोचलं
तर ते न पोचलेलंच बरं.
मग दवाखाना.
मग मासळीच्या लिलावाची बोली. तिच्यावरून भांडण झालं,
दोन फोन आले, तिसरा तिने उचलला नाही.

शेवटच्या रांगेत दॉन्यल, वय एक्याऐंशी.
रोज मुलीला मेंढ्यांचा व्हिडिओ पाठवतो,
चाळीस मिनिटं,
बहुतेक पाठमोऱ्या.

पुढचे संपल्याशिवाय मागचे नाहीत, असं लिहिलं असतं
तर शेवटची रांग उपाशी मेली असती.
तिने लिहिलं: काहीही होवो, शंभरातले पाच मागच्यांना.
"पाचच का?" हेइरिकने विचारलं.
"तीन लिहिताना बोट अडलं."

रांग तुडुंब व्हायच्या आधीच
यंत्र अधूनमधून एखादं पॅकेट टाकून देतं.
सांगत नाही. माफी नाही.
पाठवणाऱ्याला पोच येत नाही,
तो थबकतो, हळू होतो, पुन्हा पाठवतो.
"जरा दमानं" म्हणायला
यंत्राकडे एकच शब्द आहे,
आणि तो गिळलेला.

दॉन्यलच्या पडद्यावर गोल फिरतंय.
त्याला रांगा ठाऊक नाहीत, फाटक ठाऊक आहे:
मागून रेटलं की
दोन मेंढ्या एकदम अडकतात, आणि मग
कुणीच जात नाही.
तो थर्मासातला चहा ओततो.

साडेतीनला बेट झोपलं.
आलेखावरच्या वरच्या रेघा बसल्या
आणि सगळ्यात खालची
एकटीच चढत निघाली, निवांत.

मेंढ्या चालल्या, रान्वा स्वतःशीच म्हणाली.
ओट्यावर अर्धे सोललेले बटाटे
काळे पडले होते.