चहाची पातळी

कॅमेरा इदरीसकडे. माझ्याकडे वही,
कडेला तार असलेली, आणि गळ्यात दोरीला बांधलेली पेन्सिल.
हडर्सफील्डच्या चढावरचं घर, खालचं स्वयंपाकघर,
आणि पाच मिनिटांची फिल्म:
एक म्हातारा चहा पितो, पत्र वाचतो,
घडी घालून बरणीखाली ठेवतो.
एवढंच. तीन दिवस.

सोमवारी मी लिहिलं:
कपाचा कान उजवीकडे. चहा काठाखाली दोन बोटं.
पत्र डाव्या हातात, अंगठा घडीवर.
स्वेटरचं वरचं बटण उघडं.
खिडकीत ऊन, असं लिहून खोडलं.
खिडकीत उजेड.

टॅमसिन म्हणायची, कट. मग म्हणायची, पुन्हा.
प्रत्येक पुन्हाला चहा परत दोन बोटं खाली.
मी किटली घेऊन उभी.
अकराव्या कपाला मिस्टर ऑकरॉइड म्हणाले,
पोरी, चाळीस वर्षं बस चालवली,
एवढा चहा सगळ्या थांब्यांवर मिळूनही प्यायलो नव्हतो.

इदरीसनं फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीची रेघ मारली.
ही ओलांडून कॅमेरा पलीकडे न्यायचा नाही, म्हणाला,
नेला तर हा बघेल खिडकीकडे
आणि पडद्यावर वाटेल, भिंतीकडे तोंड करून बसलाय.
मी मान डोलावली.
ओलांडू नयेत अशा रेघा मला जन्मापासून पाठ,
पण का ते सांगणारा
हा पहिलाच.

मंगळवारी मिस्टर ऑकरॉइड आले
ते केस कापून.
लेकीनं नेलं होतं सलूनमध्ये. फिल्ममध्ये काम करताय ना, म्हणाली.
मानेवर ताजा, गुलाबी पट्टा.
कोणी काही बोलेना. टॅमसिन माझ्या वहीकडे बघत राहिली,
जणू कालचे केस मी तिथे
जपून ठेवले असतील.

मग आम्ही फक्त हात घेतले.
सकाळभर हात.
इदरीस गुडघ्यावर, भिंग कपाला टेकेल इतकं जवळ,
आणि फोकसची कडी पहिल्यांदाच माझ्या बोटांत.
कपावरून पत्रावर ने, सावकाश, श्वास धरून.
पहिल्या खेपेला मी पत्र चुकले.
मागची किटली मात्र अशी स्वच्छ दिसली
की तिच्यावरचा डागसुद्धा मोजता यावा.
साडेतीनला उजेड गेला. डिसेंबर.

रविवारी मिरजेला फोन लावला.
बाबा त्याच खुर्चीत, मागे तोच फ्रिज,
आणि माझे डोळे, कोणी न सांगता, नोंद करू लागले:
घड्याळ उजव्या मनगटावर. मागच्या रविवारी डाव्या.
बिस्कीट मोडलं नाही, अख्खंच बुडवलं.
डावा हात चौकटीबाहेर.
आईही चौकटीबाहेर. ती कधीच नसते.

मी म्हटलं, बाबा, डावा हात दाखवा.
त्यात काय बघायचंय, म्हणाले,
आणि थंडीचं विचारलं, भाड्याचं, मोज्यांचं.
पण मला आता सांधे दिसतात.
कुठून कापलंय ते कळतं.
दाखवा, म्हटलं.

प्लास्टर. कोपराखाली चार बोटांपर्यंत.
बाथरूमच्या उंबऱ्याशी. विशेष काही नाही.
तुझं शूटिंग चाललं होतं ना, आई बाहेरूनच म्हणाली,
फ्रिजवर तिची सावली हलली.
तिथे हेच शिकवतात का तुला?
बाबा हसत होते.

कधी पडलात?
मंगळवारी. पाचच्या सुमारास.
म्हणजे इथले साडेअकरा.

फोन ठेवून मी वही उघडली.
मंगळवार, साडेअकरा. शॉट चौदा, टेक सहा.
माझंच अक्षर, माझीच पेन्सिल:
चहा दोन बोटं खाली.
डावा हात कालच्यासारखाच.
सगळं जुळतंय.