दाणापाणी

शेवटचा टँकर मंगळवारी आला.
ड्वेनने नळी गुंडाळली, टोपी काढली,
आणि मयताच्या घरी आल्यासारखा
थोडा वेळ पायरीशी उभा राहिला.
शहराने हद्दीबाहेर पाणी बंद केलंय, म्हणाला.
आम्हाला ते पत्राने कळलं होतं, दोनदा.
पण पत्राच्या बुटांना चिखल नसतो.

टाकीत साडेचार हजार गॅलन.
ताटल्या कागदाच्या. आंघोळ दिवसाआड.

रात्री लिओबार्दोने जेवणाच्या टेबलावर
अख्खं ॲरिझोना पसरलं.
चार कोपऱ्यांवर मीठ, मिरपूड, माझा चष्मा
आणि बाबांच्या गोळ्यांची डबी.
प्रत्येकाच्या हातात ठिपक्यांच्या घेवड्याचा एकेक दाणा.
जिथं राहावंसं वाटतं तिथं ठेवा, म्हणाला,
आणि भांडायचं नाही.

दाणापाणी उठलं म्हणतात ते हे असं.
पाणी आधी गेलं.
दाणे अजून टेबलावर होते.

यारेलीने सरळ फ्लॅगस्टाफवर ठेवला.
पाइनची झाडं, बर्फ,
आणि एक मुलगा, जो आम्हाला ठाऊक नाही असं ती समजते.
सात हजार फूट उंची आहे बाळा, मी म्हटलं.
बाबांना दारातल्या तीन पायऱ्यासुद्धा डोंगर होतात.
खाणीतली तीस वर्षं
अजून त्यांच्या छातीत पाळीवर जातात.
ती काही बोलली नाही.
दाणा मात्र हलवला नाही तो नाहीच.

लिओबार्दोचा युमावर.
नदी, कालवे, लेट्यूसचं शीतगृह,
तिथं मुकादम असलेला त्याचा मावसभाऊ.
जमीन समुद्राच्या पातळीला टेकलेली,
बाबांना श्वास जवळजवळ फुकट.
आणि जुलैत दाराची कडी हाताला चावते त्याचं काय?
आणि त्या मावसभावाने आपला ट्रेलर नेला
तो परत कधी आणला?
हे मी मनात म्हटलं.
बहुतेक मनातच.

माझा टूसानवर.
मोठं इस्पितळ, रात्रपाळीला जास्त पैसे.
मग भाडं आठवलं,
तसा दाणा मी नखाने शहराच्या कडेला सरकवला,
आणखी थोडा, आणखी थोडा,
आणि पाहते तर पोचले होते अशाच एका जागी
जिथं घरं आहेत आणि नळ नाही.

ईलायने त्याचा नाकात घातला.

अर्धा तास टॉर्च, चिमटा, रडारड.
शेवटी यारेलीने मिरपूड उचलली, त्याच्या तोंडासमोर झटकली,
आणि तो असा शिंकला
की मोकळ्या झालेल्या कोपऱ्यापासून
ॲरिझोना गुंडाळत गेलं,
फ्लॅगस्टाफ घरंगळत फ्रिजखाली,
युमा माझ्या चपलेत.
कितीतरी दिवसांनी आम्ही हसलो. लिओबार्दोसुद्धा.

बाबांनी खेळ खेळलाच नव्हता.
मला विचारू नका, म्हणाले, मी सामानात धरा.
मी खोदून विचारलं तेव्हा खिडकीकडे बघत:
सॅफर्डला कापूस असतो म्हणे.
बस, एवढंच.

सगळे झोपल्यावर वही काढली.
भाडं, शाळा, दवाखाना, उंची, विहिरीची खोली.
सॅफर्डच्या रकान्यांत काहीच ठळक नव्हतं,
चांगलंही नाही, वाईटही.
बोटाने रस्ता मोजला
तेव्हा तो ग्लोबला जाऊन थांबला, दीड तासावर.
ग्लोबच्या टेकडीवर ओफेलियाआई आहेत,
आणि त्यांच्या उशाशी ओव्याच्या वासाचं एक झुडूप,
ज्याला बाबा महिन्यातून एकदा
बाटलीने पाणी पाजून येत.
टँकर महागल्यापासून गेले नाहीत.
मी त्यांना कधी विचारलंही नाही, का ते.

दाणे गोळा केले. धुतले नाहीत.
चार सापडले.
पाचवा त्यांच्या मुठीत असावा.
खुर्चीतच झोपले होते,
नाकाशी ऑक्सिजनची नळी, मूठ मांडीवर.
उघडली नाही मी.

शनिवारी जागा बघायला निघालो.
आधी कुठं, लिओबार्दोने विचारलं.
ग्लोबच्या वाटेने घे, म्हटलं.
टाकीतून दोन गॅलन काढून
बाबांच्या पायाशी ठेवले होते.
कशाला, ते कुणी विचारलं नाही.
बाबांनी पाय जरा आत ओढून घेतले,
कॅनला जागा व्हावी म्हणून.