पाणी जोखताना

पाच हजार मीटरवर हवा इतकी कोरडी
की नोल्बेर्ता काळोखात स्वेटर काढते तेव्हा
बाह्यांतून ठिणग्या उडतात.
नखांच्या कडा फाटलेल्या, नाकात रक्ताची खपली.
तरी या हवेत पाणी आहे
आणि तिला पगार मिळतो तो तेच मोजण्याचा.

दहा लाख रेणू हवेचे,
त्यांत पाण्याचे पाचशे,
त्या पाचशेंत जेमतेम एक
इतरांहून जड.
पुस्तकात त्याला समस्थानिक वगैरे म्हणतात.
नोल्बेर्ता म्हणते, थोरला.
त्या एका थोरल्यासाठी हा पत्र्याचा डबा,
ही तापवून ठेवलेली नळी, हा खोकणारा जनरेटर,
आणि वीतभर पोकळीत समोरासमोर आरसे.
उजेड आत सोडायचा, दार लावून घ्यायचं.
तेवढ्याशा जागेत वीस किलोमीटर धावतो बिचारा
आणि विझतो.
किती लवकर विझला, यावरून
वाटेत कोण भेटलं ते कळतं.

तिचे वडील तोकोनाओत पाटकरी होते.
डाळिंबांना इतकी मिनिटं, अल्फाल्फाला इतकी,
खोऱ्यानं माती ओढायची, पाट फोडायचा, पाट बांधायचा.
माझंही तेच, ती म्हणते,
फक्त माझा पाट दिसत नाही.

जड असतं ते आधी उतरतं.
समुद्रावरून निघालेली वाफ
पहिल्या पावसात थोरल्यांना सोडून देते,
पुढच्या डोंगरावर आणखी काहींना.
बोलिव्हिया ओलांडून इथवर पोचतं
ते सगळ्यांना देऊन उरलेलं.
म्हणून आकडा कायम उणे.
उणे तीनशे दहा. उणे तीनशे चौदा.
आर्द्रतामापक सांगतो, किती उरलं.
हा उणे आकडा सांगतो
की ही हवा शेवटची कुठे भरून आली होती,
आणि कशी रिती झाली.

रोज सकाळी यंत्राला ओळखीचं पाणी पाजायचं,
सुईनं, थेंब थेंब.
आधीच्या पाण्याची आठवण त्याच्या भिंतींना चिकटलेली असते,
म्हणून पहिल्या सहा थेंबांचे आकडे टाकून द्यायचे,
सातव्यापासून खरं धरायचं.
हा नियम तिनं एकदा घरी लावून पाहिला,
भाऊ दहा वर्षांनी आंतोफागास्ताहून परतला तेव्हा.
त्याची पहिली सहा वाक्यं तिनं ऐकलीच नाहीत.
सातवं तो बोललाच नाही.

ऑगस्ट. रात्रीचे तीन दहा.
आकडा उठला.
उणे तीनशे नऊ, उणे दोनशे चाळीस,
उणे एकशे साठ!
म्हणजे समुद्रच उठून वर चालत आला म्हणायचं.
बाहेर नुसते तारे, वारा पडलेला,
ढगाचं नाव नाही.
कुठंतरी पाणी मुरत होतं.
तिनं जोडण्या चाचपल्या, दोन नट आवळले,
पान्याला बोट चिकटलं थंडीनं.
मग कपाळाला बॅटरी बांधून
नळीच्या तोंडाशी गेली.

आडोशाला एलिसेओ आयाविरे, रखवालदार,
स्टोव्हवर काळी किटली,
त्याच्या लोकरी टोपीच्या हातभर वर नळीचं तोंड.
इथे पाणी त्र्याऐंशी अंशांवरच उकळतं,
चहा काही धड होत नाही,
म्हणून तो अर्धा अर्धा तास उकळत बसतो,
रिका-रिकाची काडी टाकून.
"इथे बरं वाटतं," तो म्हणाला.
किटलीत पाणी कुठलं, हे तिनं विचारलं नाही.
कॅन तिनंच भरून आणला होता रविवारी,
तोकोनाओच्या पाटावरून.

नोंदवहीत तिनं लिहिलं:
०३:१० ते ०३:४२. दूषित. वगळावे.
'कारण'च्या रकान्यात पेन थोडं थांबलं.
मग: एलिसेओ, चहा.

स्टोव्ह उचलून दोघं डब्यामागे गेले,
नळीपासून चांगलं पन्नास पावलं.
तिनं पत्र्याचा कप ओठांना लावला.
चटका बसला
तरी सवयीनं
फुंकर मारली नाही.