निळा कोंगा

टॉवेलच्या कोपऱ्यात एक पक्षी होता.
ऑर्डरच्या कागदावर त्याला समुद्रपक्षी म्हटलेलं,
पण अक्कलकोट रोडवर समुद्र कुणी पाहिलेला?
नरसय्या चिलवेरी मागावरून म्हणाला, कोंगा.
तेलुगूत बगळा.
तेव्हापासून कारखान्यात तो कोंगाच,
निळा, एक पंख वर, चोच पश्चिमेकडे.

बावीस वर्षं उडाला.
जर्मनीतली कुठली एक कंपनी,
माणसांना विमानात बसवून
ऊन दाखवायला नेणारी.
ऊन!
डबा खाताना आम्ही हसायचो,
पत्र्याखाली त्रेचाळीस, पंखा गरम हवा ढवळतोय,
आणि तिकडे यासाठी लोक वर्षभर पैसे साठवतात.
यल्लव्वा म्हणायची, इकडं पाठवा की त्यांना,
भाडं नको, नुसतं पाणी भरू लागा.

मी पॅकिंगला.
बाराची गड्डी, दहा गड्ड्यांचा खोका.
हातातून किती कोंगे गेले ते मोजले नाहीत,
मोजायचे फक्त कमी भरले तर.

गड्ड्यातले पाळणे उतरवत होते त्या आठवड्यात
मेल आला.
मालकांनी दोनदा वाचला, मग मला बोलावलं,
कारण माझा मुलगा इंग्रजी शाळेत.
एकत्रीकरण, मी म्हटलं.
पुढची ओळ, पुनर्रचना.
म्हणजे?
म्हणजे कोंग्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत गेली.
नरसय्या दारात उभा. लग्नात मुलीचं नाव बदलतं तसं?
तसंच.
मग माहेरच्या भांड्यांवरचं नाव?
ते खोडायचं, असं लिहिलंय.

नव्या घराचं चिन्ह नारिंगी गोळा.
सूर्य असणार.
सोपा, कुणीही विणेल, आणि कुणीतरी विणलाच.
टॉवेल पुरवणारे एकोणीस होते, आता चार पुरे होते.
आम्ही त्या चारांत नव्हतो.
मेलच्या शेवटी आमच्या पुढच्या वाटचालीला
शुभेच्छा होत्या.

गोदामात चौदा हजार तयार टॉवेल.
घेणार नाही, पक्ष्यासकट विकूही नका,
असं त्यांचं म्हणणं.
मालकांनी विकले. किलोवर.
नरसय्याला बँकेच्या दाराशी खुर्ची मिळाली
आणि दोन मापं मोठी टोपी.
नक्षीचे पुठ्ठे बंबात गेले,
आठ-दहा दिवस आंघोळीला कढत पाणी.

त्या उन्हाळ्यात कोंगा गावभर उतरला.
रिक्षाच्या सीटवर. न्हाव्याच्या खुर्चीवर.
विडी घरकुलात भिजवलेल्या पानांवर ओला करून पांघरलेला.
माझ्या भाचीचं बाळ त्यात गुंडाळूनच घरी आलं.
आणि हिप्परग्याच्या तळ्यावर
पोहून आलेल्या पोराने तो दगडावर वाळत घातला,
तेव्हा पहिल्यांदा मी त्याला
पाण्याजवळ बसलेलं पाहिलं.

चौदा महिन्यांनी पुन्हा मेल.
नारिंगी गोळाही विकला गेला होता.
ज्याने घेतला, त्याला जुनी गिऱ्हाइकं परत हवीत,
गिऱ्हाइकांना पक्षी आठवतो.
दर जुन्याहून कमी.
खाली विचारलेलं, नमुना शिल्लक आहे का?

पुठ्ठे तर नव्हतेच.
कपाटं उघडली, शेल्फं झाडली,
मालक घामाघूम होऊन खिडकीशी आले
आणि तिथेच थांबले.
समोर इरण्णा चहा गाळत होता,
नमुना त्याच्या खांद्यावर.

मी रस्ता ओलांडून गेले.
पंख विटलेला, चोचीवर चहाचा डाग,
निळा नेमका कुठला होता ते
आता नरसय्यालाच विचारायला हवं,
दुपारी दोनला त्याची ड्युटी सुटते.
इरण्णाने खांद्यावरून काढला, झटकला, घडी घातली.
म्हणाला, धुऊन देतो की.
पण ताई,
परत आणा.