खवला

सिगुलाबाई मासा टोपलीतून उचलत,
शेपटीकडून डोक्याकडे नख फिरवत.
खर्र वाजलं की भाव विचारत,
नाही वाजलं की हात धुऊन टाकत.

वामीकडे बघतसुद्धा नसत.
आई झिंग्यांचा वाटा वरून टाकायची, "असाच घ्या, बाई."
तो जायचा शेजारच्या फायरमनच्या पोरांना.

मी आठ वर्षांचा.
एका शुक्रवारी तापीत नुसते शिंगाळे लागले.
मी पाटीतले रोहूचे खवले वेचले,
थुंकी लावून एकाच्या पाठीवर बसवले,
ओळीने, कौलं शाकारावीत तसे.

बाई हसत राहिल्या,
लोको शेडचा भोंगा संपला तरी.
मग म्हणाल्या, "खवला काढताना
कातडं फाटू नये, बाळा.
आणि मुळात तो त्याचाच हवा."
मासा घेतला नाही.
आईच्या हातातून माझा कान तेवढा सोडवला.
त्या रात्री त्यांच्या क्वार्टरातून
भरिताचा वास आला, काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा,
थेट आमच्यासारखा.

मटणाला दूध-दही शिवू नये
म्हणून नारळ यायचे गार्डच्या डब्यातून, कल्याणहून.
करवंट्या आम्ही न्यायचो. पाण्यात सोडायला.

पुढे त्या डिमोनाला गेल्या, वाळवंटात.
तिथे नदी आहे का,
विचारायचं राहिलं.

आता मासे ट्रकने येतात, बर्फात.
गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं.
मी पहाटे, कुणी नसताना,
एकेकावर उलटं नख फिरवतो.
वामी वेगळ्या पाटीत ठेवतो.
बायको म्हणते, उगाच जागा अडते.